दगडमातीचं जुनं घर, भूकंप आणि प्लास्टिक : भरायचं की बांधायचं?

तेरणाकाठ

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझं माहेर निलंगा तालुक्यातलं. घर पणजोबांनी बांधलेलं. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, सागाचे खांब, तुळया, त्यावर किलच (लाकडी पट्ट्यांचा थर) आणि वर माळवद (मातीचं सपाट छत). ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गणपती बोळवून अख्खा गाव गाढ झोपला होता. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत गेली. बाकीचं घर खांबांवर उभं राहिलं, म्हणून आम्ही वाचलो. पडलेली भिंत वडिलांनी त्याच दगडांनी, त्याच मातीने पुन्हा रचली. तेव्हा हाताशी दुसरं काही नव्हतंच.

आता त्या घरात आई एकटी असते. पुण्याला ये म्हटलं तर येत नाही. उन्हाळ्यात ते घर गार असतं, आणि तिचं सगळं तिथेच आहे. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडे ४.५ चा धक्का बसला, त्या सकाळी ती ओसरीवर होती. मला फोनवर म्हणाली, "काही नाही गं, किलचातून थोडी माती पडली." तेव्हापासून माझी झोप गेली आहे. तिच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला पोट आलंय. हाताने ठोकलं की मधूनच पोकळ आवाज येतो.

गावात एक ठेकेदार आला होता. उत्तरेची भिंत पाडून प्लास्टिकच्या बाटल्यांत माती भरून त्यांची नवी भिंत बांधून देतो, ती भूकंपरोधक असते, असं सांगून गेला. दुसरा एक जण प्लास्टिक वितळवून केलेल्या विटा विकतो, त्याचंही तेच म्हणणं. कचरा कामी येईल आणि घरही पक्कं होईल, हे ऐकायला फार बरं वाटतं. पण आईला त्या भिंतीखाली झोपवायचंय. कुणाला खरंच माहिती असेल तर सांगा.

तुळई_ते_बीम

ताई, जुनी घरं तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वजन बघू. खोली १० बाय १२ फूट धरली आणि माळवदाची माती दीड फूट धरली, तर नुसती माती आठ टनांच्या आसपास भरते. दोन फूट जाड, नऊ फूट उंच भिंती चारी बाजूंनी धरल्या तर त्या पंचेचाळीस टनांच्या घरात जातात. भूकंपात जमीन एकदम सरकते, आणि एवढं वजन आहे तिथेच राहू पाहतं. त्या ओढाताणीत भिंत फाटते. घर जितकं जड, तितका मार जास्त.

पण किल्लारीला माणसं गेली ती केवळ वजनाने गेली नाहीत. आपल्याकडची जाड भिंत म्हणजे प्रत्यक्षात दोन भिंती असतात. बाहेरून एक दगडाचा थर, आतून एक, आणि मधल्या पोकळीत कपच्या आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड गवंड्यांनी टाकलेलाच नसतो. हादरा बसला की मधली माती खाली बसते, पाचर मारल्यासारखी दोन्ही थरांना बाहेर ढकलते, आणि थर वेगळे होऊन सुटतात. तुमच्या भिंतीला आलेलं पोट म्हणजे हेच, फक्त सावकाश चाललेलं. पोकळ आवाज येतो तिथे थर सुटला आहे असं समजा.

आयएस १३८२८ हे भारतीय मानक अशाच कमी ताकदीच्या बांधकामासाठी आहे. त्यात आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडवे जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक असे टाकायला सांगितलेत. किल्लारीनंतर रुरकीचे प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या जाणकारांनी उभ्या घरांसाठीही उपाय दिला होता. भिंतीतून एखादा दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. असा एकेक टाका घालत गेलं की दोन थर एक होतात.

आता बाटल्यांचं. भरलेली बाटली हा भिंतीचा भराव आहे. भरावाने भिंत बांधली जात नाही. गोल, गुळगुळीत बाटलीला माती किंवा सिमेंट नीट धरत नाही. त्यात ठेकेदार बाटल्यांत मातीच भरणार असेल तर वजनसुद्धा कमी होत नाही. काँक्रीटमध्ये वाळूच्या जागी प्लास्टिकचा चुरा घातला तर ताकद उतरते, हे अनेक प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. प्लास्टिकचे बारीक तंतू थोड्या प्रमाणात घातले तर भेग रुंदावायला वेळ लागतो, तेवढा उपयोग खरा. पण ते सळईचं काम करत नाहीत. ठेकेदाराकडे भूकंपाच्या चाचणीचा कागद मागा. दाबाच्या चाचणीचा नको, भिंत हलवून केलेल्या चाचणीचा. नसेल तर त्या शब्दावर जाऊ नका.

ओळंबा

ताई, म्या तुळजापूरकडला गवंडी. तीस वर्षं दगडाचंच काम केलंय. सायबांनी लिवलंय ते खरं हाय. आमच्या बापजाद्यांनी आरपार दगड टाकणं का सोडलं? तर तेवढा लांब दगड फोडायला मजुरी लागायची, आन् मालकाला भायेरून दर्शनी भिंत चांगली दिसली की झालं. किल्लारीच्या टायमाला म्या पंधरा वर्साचा व्हतो. बापासंगं ढिगारे उपसायला गेल्तो सास्तूरला. एक भिंत बघितली नाय की जिच्यात आरपार दगड व्हता. ते डोळ्यापुढनं जात न्हाई.

पोट आलेली भिंत एकदम पाडू नगा. तुळईला आधी थुणी (टेकू) लावा, मंग हात लावा. आन् त्या भिंतीकडंला आईची बाज असंल तर आजच सरकवा, काम होईल तवा होईल.

तेरणाकाठ

बाज सरकवायला सांगितलं. शेजारच्या मुलाने मधल्या खांबाशी नेऊन ठेवली. दोघांचेही आभार, तुमचे प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवले. सास्तूरचं वाचलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. तिची मावशी तिथलीच.

मग प्लास्टिकचा विचार सोडूनच द्यायचा का?

आटपाटनगर

बाटल्यांना अगदीच बाद करू नये असं मला वाटतं. ग्वाटेमालात गावागावांनी मिळून बाटल्यांच्या शाळा बांधल्यात, आणि तो देश सतत हलणारा आहे. मुलं चिप्सची पाकिटं, पिशव्या बाटल्यांत ठासून भरतात आणि त्या बाटल्या भिंतीत जातात. कोलंबियातली कॉन्सेप्तोस प्लास्तिकोस ही कंपनी पुनर्वापराच्या प्लास्टिकचे एकमेकांत अडकणारे ठोकळे करते. युनिसेफने २०१९ मध्ये त्यांच्यासोबत आयव्हरी कोस्टमध्ये वर्गखोल्यांचं काम हाती घेतलं.

तुळई_ते_बीम

बरोबर, पण त्या शाळांची रचना बघा. खांब आणि बीम सळईच्या काँक्रीटचे असतात. भूकंपाचा भार तेच घेतात. मधल्या चौकटीत दोन्ही बाजूंनी कोंबडीजाळी ताणलेली, तिच्या आत बाटल्या, वरून गिलावा. बाटलीत माती नसून हलका कचरा असतो, त्यामुळे भिंत हलकी होते आणि पडली तरी दगड अंगावर येत नाहीत. प्लास्टिकचा हा फायदा खरा आहे. नवी शाळा बांधायची असेल तर मी स्वतः विचार करीन. ताईंकडे मात्र चौकट नाही, उभी जड भिंत आहे. तिला भरावाची गरजच नाही, तिला बांधून ठेवायला हवं.

सुमिदाकाठी

"बांधून ठेवायला" हा शब्द आला म्हणून लिहिते. मी टोकियोत राहते. इथल्या विद्यापीठात प्रा. किमिरो मेगुरो यांनी नेमका हाच विचार केला. खोक्यांना बांधायची जी प्लास्टिकची पॅकिंग पट्टी असते ना, पॉलिप्रॉपिलीनची, साधारण १५ मिलिमीटर रुंद, तिची जाळी करून भिंतीला दोन्ही अंगांनी लावायची. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून आतली जाळी आणि बाहेरची जाळी तारेने एकमेकींना बांधायची. वरून गिलावा. इथे याला पीपी बँड पद्धत म्हणतात.

१९९५ च्या कोबेच्या भूकंपात ६,४०० हून जास्त माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक घरं कोसळल्यामुळे. पुढे मेगुरो यांनी जगातल्या गरीब, माती-विटांच्या घरांकडे लक्ष दिलं. तिथे सळई-सिमेंट परवडत नाही. पॅकिंग पट्टी मात्र जिथे बाजार आहे तिथे मिळते आणि तिला कुशल कारागीर लागत नाही.

भूकंपासारखं हलणाऱ्या मेजावर घर ठेवून केलेल्या त्यांच्या चाचण्यांच्या चित्रफिती मी पाहिल्या आहेत. छोट्या प्रतिकृती असतात, एकाला चार प्रमाणातल्या. दोन सारखी घरं शेजारी शेजारी. बिनजाळीचं घर काही क्षणांत विस्कटतं. जाळीच्या घरालाही भेगा पडतात, आणि खूप पडतात, विटा जागच्या जागी खुळखुळतात. पण घर उभं राहतं. त्याच्याहून मोठे धक्के दिले तरी उभं राहतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. नेपाळमध्ये आणि २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानातही लोकांना हे दाखवलं गेलं.

तेरणाकाठ

सुमिदाकाठी, ही पट्टी म्हणजे आमच्याकडे ज्या पट्टीने बाज विणतात तीच का? आईची बाज तशाच निळ्या-पांढऱ्या पट्टीची आहे. आणि एक विचारते, राग मानू नका. एवढीशी पट्टी पन्नास टनांची भिंत कशी धरणार?

तुळई_ते_बीम

विचारायलाच हवा असा प्रश्न.

पट्टीने पन्नास टन तोलायचे नाहीतच. भिंतीचं वजन जमिनीवर उतरतं, ते तसंच उतरत राहणार. पट्टीने फक्त एवढंच बघायचं की सुटलेला दगड शेजारच्या दगडाला सोडून बाहेर जाऊ नये. जाळीच्या एका चौकोनामागे जेवढे दगड, तेवढ्यांनाच ती अडवते. शिवाय दगड एकमेकांवर घासत राहतात आणि त्या घासण्यात भूकंपाची बरीच ऊर्जा जिरते. भिंत एकसंध तुटून पडण्याऐवजी पोत्यातल्या धान्यासारखी हलते, पण पोत्यातच राहते.

एक महत्त्वाचं. प्लास्टिकवर सतत भार ठेवला तर ते हळूहळू ताणलं जातं. वितळवलेल्या प्लास्टिकच्या विटांबद्दल मला हीच मोठी शंका आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, उन्हातली भिंत त्याहून तापते, आणि अशा विटेवर रात्रंदिवस छताचा भार. पट्टीवर मात्र एरवी काहीच भार नसतो. भिंत हलेल त्या क्षणीच ती कामाला लागते. प्लास्टिकचा जो दोष आहे तो इथे आडवा येत नाही.

आणि हेही स्पष्ट लिहितो : याने घर भूकंपरोधक होत नाही. मोठा धक्का बसला तर भिंतीला भेगा पडतील, नंतर कदाचित ती उतरवावी लागेल. आईंना बाहेर पडायला वेळ मिळेल, एवढ्यासाठी हे करायचं. माझ्या लेखी ते पुष्कळ आहे.

दाणेवाला

प्लास्टिक भंगार आणि दाण्याच्या, म्हणजे प्लास्टिकच्या कच्च्या मालाच्या, धंद्यात वीस वर्षं आहे, म्हणून पट्टीबद्दल बोलतो. इथेच माणूस फसेल.

पॅकिंग पट्टीत मुख्यतः दोन जाती. एक पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आणि दुसरी पेट, बाटलीच्या जातीची. बाजारात हिरवी, कडक, चकचकीत पट्टी दिसते ती बहुतेक पेट, आणि ती पुष्कळदा जुन्या बाटल्यांपासूनच केलेली असते. ताईंना कचऱ्याचा उपयोग व्हावा असं वाटतं, तर ही जास्त ओळखीची. पण पेटला सिमेंट आणि चुना सोसत नाही. सिमेंट अल्कधर्मी, ओल मिळाली की त्यात पेट वर्षानुवर्षं झिजत जातं. पीपीला त्याचं काही नाही. सिमेंटचा गिलावा करणार असाल तर पीपीच घ्या.

आता पीपीतही नवा दाणा आणि रिप्रोसेस, म्हणजे भंगार पुन्हा वितळवून केलेला, दाणा. रिप्रोसेस माल वाईटच असं नाही, मीच विकतो. एकदा वितळवलेला, स्वच्छ, एकाच जातीचा असेल तर पट्टी छान होते. पण स्वस्तातल्या मालात खडूची भुकटी भरतात, दोन-तीन जातींचं प्लास्टिक मिसळतात, पाच-पाच वेळा वितळवलेलं घालतात. अशी पट्टी लांबीत चिरते. ओळखायची कशी, तर वीतभर तुकडा घ्या, दुमडा, नखाने घडी दाबा, उलटा दुमडा. असं आठ-दहा वेळा करा. घडीवर पांढरी पडून तडकली तर ठेवा बाजूला. मग गाठ मारा आणि करकचून ओढा, उभी चिरत गेली तरी नको. शेवटी दाराच्या चौकटीला बांधून एका जवान माणसाला लोंबकळू द्या. १५ मिलिमीटरच्या चांगल्या पट्टीने ते सहज सोसायला हवं.

बाजेची पट्टी तीच का, तर जात तीच, पण ती बऱ्याचदा हलकी असते. बाजेची पट्टी तुटली तर माणूस फार तर जमिनीवर येतो. इथे हयगय नको.

हेळवाक

आम्ही कोयनेची माणसं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप माझ्या आईने अंगावर घेतला आहे, आणि त्यानंतर आजतागायत आमच्याकडे भांडी वाजतच असतात. आमच्या भागात मोटारीच्या टायरच्या पट्ट्या कापून बैलगाडीला, मोटेला, चपलांना वापरायचे. त्या पट्ट्यांनी भिंत बांधता येईल का?

सुमिदाकाठी

येते, आणि तो प्रयोग झालेला आहे. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचे अँड्र्यू चार्लसन यांनी जुन्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग गोल गोल कापत जाऊन लांब पट्टे काढले आणि ते मातीच्या विटांच्या घराभोवती आडवे-उभे बांधले. चाचणी पेरूमध्ये, लिमाच्या कॅथलिक विद्यापीठात झाली. मातीच्या घरांवर त्या विद्यापीठाचं काम फार मोठं आहे. मार्सियाल ब्लोंदेत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लास्टिकची जाळी भिंतीत आरपार बांधून, वरून मातीचाच गिलावा करून अख्खी घरं हलवून पाहिली. ती जाळी गरिबाला महाग पडते म्हणून पुढे साध्या नायलॉनच्या दोरीवर आले. पेरूच्या मातीच्या घरांच्या अधिकृत नियमांत आता जाळी आणि दोरी दोन्ही आहेत. म्हणजे शेवटी वस्तू कुठलीही असो, भिंत दोन्ही अंगांनी धरायची आणि मधून टाके घालायचे.

निवृत्त_अग्निशमन

आगीचं कुणी बोललं नाही. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या थोडं पुढे वितळतं. गिलाव्याच्या आत असेल तर चिंता थोडी, उघडं असेल तर जळतं आणि थेंब थेंब गळतं. चुलीच्या मागच्या भिंतीवर ही जाळी लावू नका, तिथे गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळी घ्या. वितळवलेल्या प्लास्टिकच्या विटांचं घर मी राहायला सुचवणार नाही. आगीत माणूस ज्वाळेआधी धुराने जातो, आणि त्या कचऱ्यात पीव्हीसीचा तुकडा असेल तर तो धूर फार विषारी. नोकरीत हे डोळ्यांनी पाहिलंय.

तेरणाकाठ

चुलीचं लक्षात आणून दिलंत, फार उपकार. आई अजून भाकरी चुलीवरच करते.

सिंधुपाल्चोक_२०१५

हा धागा मला माझ्या मैत्रिणीने पाठवला. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ च्या भूकंपानंतर मी नेपाळात स्वयंसेवक म्हणून आठ महिने होते. तिथे सुमारे ९ हजार माणसं गेली आणि जवळपास पाच लाख घरं पूर्ण पडली. बहुतेक आपल्यासारखीच, दगड आणि माती.

आमच्या गटाने एका वाडीत सहा घरांना पट्टीची जाळी लावली. त्यात आमच्याकडून दोन चुका झाल्या, त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून लिहिते.

पहिली. जाळी लावून झाली आणि पाऊस आला. गिलावा दसऱ्यानंतर करू म्हणून जाळी उघडीच ठेवली. पुढे कामच लांबलं आणि ती महिनोनमहिने डोंगरातल्या उन्हात राहिली. गिलावा करायला गेलो तेव्हा दक्षिणेच्या अंगाची पट्टी बोटाने दुमडली की तडकत होती. पूर्ण बाजू उतरवून नव्याने लावली. पॉलिप्रॉपिलीनला ऊन खातं. ज्या आठवड्यात जाळी, त्याच आठवड्यात गिलावा, असंच करा.

दुसरी. एका घराच्या कोपऱ्यात आम्ही जाळी भिंतीपुरती कापून थांबवली. तपासायला आलेल्या नेपाळी अभियंत्याने त्या कोपऱ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "घर कुठून उघडतं ते माहीत आहे?" दोन भिंती हलतात त्या वेगवेगळ्या दिशांनी, आणि आधी कोपराच फाटतो. जाळी कोपऱ्यावरून वळवून पलीकडच्या भिंतीवर हातभर तरी न्यायला हवी. दारा-खिडकीच्या कडेलाही तसंच, आतली जाळी बाहेर आणि बाहेरची आत वळवून एकमेकींना बांधायची. वरच्या बाजूला भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे टाकायची, खाली पायाच्या दगडांपर्यंत न्यायची.

आरपार भोकांचं अंतर आम्ही साधारण एक फूट ठेवलं होतं. दगडी भिंतीत यंत्राने भोक पाडू नका, त्या हादऱ्याने सुटलेला थर अजून सुटतो. सांध्यातली माती लांब सळईने हळूहळू उकरत जायची. रस्ता मिळतो. एका घरातली आजी रोज संध्याकाळी येऊन त्या भोकांतून पलीकडे उजेड दिसतो का ते बघायची. दिसला की म्हणायची, "आता टाका पडणार."

ओळंबा

हे बराबर हाय. सांध्यातनंच जायचं. दगडाला हातोडा नाय लावायचा. आन् पोट आलेला भाग जाळीनं दाबून बसत नसतो. तेवढा तुकडा थुणी लावून उतरवावा लागंल, आरपार दगड टाकून नीट रचावा लागंल, मंगच जाळी.

तेरणाकाठ

मंडळी, दोन महिन्यांनी परत येतेय. काम झालं, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

आधी लातूरच्या एका अभियंत्याला घर दाखवलं. खांब आणि तुळया शाबूत आहेत, दोन खांबांच्या बुडाला वाळवी होती, ते बदलले. मग माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी पांढरी माती टाकत टाकत ते पावणेदोन फुटांवर गेलं होतं. त्यातली एक फुटाहून जास्त माती उतरवली. चार दिवस नुसती माती उतरत होती, अंगणात तिचा माझ्या उंचीचा ढीग झाला. आईला ते बघवेना. तिच्या सासऱ्यांनी, माझ्या वडिलांनी डोक्यावरून वाहून टाकलेली माती होती ती. उरलेल्या मातीवर पाणी मुरू नये म्हणून जाड ताडपत्री आणि तिच्यावर मातीचा पातळ थर दिला.

पूर्ण घराचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. अभियंता म्हणाले, आई जिथे झोपते ती खोली आणि तिथून बाहेर पडायची वाट, एवढं आधी करू. उत्तरेच्या भिंतीचा पोट आलेला भाग उतरवला. आत काय निघालं असेल? कपच्या, माती, आणि एक फुटकं रांजण. पणजोबांच्या गवंड्याने भराव म्हणून टाकलेलं. एकही आरपार दगड नाही. ओळंबादादा, तुमचं सास्तूर मला तिथे दिसलं. आता त्या भागात आरपार दगड आहेत, आणि बाकीच्या भिंतींत आकड्याच्या सळईचे टाके.

मग जाळी. दाणेवाले दादांनी सांगितलं तशी पट्टी तपासून घेतली. तीन ठिकाणची पट्टी घडीवर तडकली, चौथ्या ठिकाणची टिकली. शेजारचा मुलगा चौकटीला लोंबकळला, आई खालून ओरडत होती. चार-चार सेंटिमीटरवर आडवी-उभी विणायची म्हणजे एका खोलीला दोन्ही अंगांनी मिळून साडेतीन किलोमीटरच्या आसपास पट्टी लागली. वजन केलं तर सगळी मिळून तीसेक किलो.

आणि विणली कुणी, तर गावात बाजा विणणाऱ्या दोन बायका आहेत, त्यांनी. अंगणात जमिनीवर पसरून. त्यांना काही शिकवावं लागलं नाही. कडेला पट्टी कशी मुरडून परत आत घ्यायची, ते त्यांनीच आम्हाला दाखवलं, आणि अभियंत्यांनी त्याचे फोटो काढून नेले. सांधे पक्के करायला गरम पात्याने दोन पट्ट्या चिकटवल्या. गिलावा मातीचाच केला : गव्हाचा भुसा घालून आठ दिवस कुजवलेला गारा. जाळी लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी पहिला हात दिला. चुलीच्या भिंतीला पट्टी लावली नाही, तिथे तारेची जाळी आहे.

ठेकेदाराला नाही म्हणून कळवलं. चाचणीचा कागद मागितला होता, तो आलाच नाही.

तुळई_ते_बीम

वाचून फार समाधान वाटलं. दर पावसाळ्यानंतर कोपरे आणि दारा-खिडक्यांच्या कडा बघत जा. गिलावा निघून पट्टी उघडी दिसली तर लगेच झाका.

हेळवाक

ताई, त्या दोन बायका आमच्याकडे येऊन शिकवतील का? पाटण तालुक्यात आमच्या वाडीत अजून अकरा घरं तशीच आहेत. येण्याजाण्याचा खर्च आणि मजुरी आम्ही वर्गणी काढून देऊ. राहायची सोय माझ्या घरी.

तेरणाकाठ

विचारलं. एक तयार आहे, दुसरीच्या सुनेचं बाळंतपण आहे, ती दिवाळीनंतर येईन म्हणते. दोघींचं म्हणणं एकच, पट्टी त्या स्वतः बघून घेणार, तुम्ही आधी विकत आणून ठेवू नका.

ओळंबा

हेळवाक, भोकं पाडायला म्या येतो.